लाइन कुठून आलीय?

आमच्या इंदिरानगरात भर रस्त्यात कुणी गुडघे टेकून बसलेलं दिसलं, तर घाबरू नका. ते आमच्या शेजारचे साळवेकाका. त्यांना चक्करबिक्कर आलेली नसते. ते जमिनीखालची पाइपलाइन ऐकत असतात.

पाणीपुरवठ्यातली सगळी नोकरी व्हॉल्व्ह फिरवण्यात आणि चोरून घेतलेली नळकनेक्शनं हुडकण्यात गेली. रिटायर झाले, पण हातातली लोखंडी सळई सुटली नाही. एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. "वैशाली, तुझ्या गेटखाली गळतंय!" आणि मेलं बरोबर निघतं, हाच खरा वैताग. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मंदाकाकूंच्या, सख्ख्या भावाचंही चोरटं कनेक्शन त्यांनी तोडलं होतं. तो अजून बोलत नाही. कुठल्याही गोष्टीची चौकशी एकाच प्रश्नाने: "लाइन कुठून आलीय?" माझ्या भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा नवऱ्यामुलाबद्दलही हेच विचारलं त्यांनी.

दिवाळीनंतर काकूंच्या पोटात गाठ निघाली. कॅन्सरची. दोघांना गाडीतून मीच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रिपोर्ट समजावत होते, तर काका मध्येच म्हणाले, "ते राहू द्या साहेब. एवढी वाढली म्हणजे कुठून तरी पाणी पितेय. हिची लाइन कुठून आलीय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं.

"बरोबर विचारलंत. गाठ आसपासच्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडते. त्यांना नवे फाटे फुटतात आणि तिला रक्त मिळतं. शेजारच्या चांगल्या पेशी तिला आधार देतात. ज्यांनी तिला हाकलायचं, त्या पहारेकरी पेशीसुद्धा फितूर होतात."

"म्हणजे अख्खी गल्लीच सामील!" काका ताडकन उठले.

"औषधाने ते फाटे बंद करू. गाठ लहान झाली की ऑपरेशन. पण काकूंनी जेवलं पाहिजे. वजन असंच उतरलं, तर पुढचा डोस देता येणार नाही."

परतल्यावर गेटपाशी उतरताना काका म्हणाले, "अख्ख्या नाशिकच्या लाइनी ऐकल्या गं मी. घरातलं तेवढं ऐकू आलं नाही." मी काकूंना हात धरून घरात नेलं.

औषध सुरू झालं आणि काकूंची अन्नावरची वासनाच उडाली. घास पुढे केला की तोंड फिरवायच्या. काकांची सळई दाराआड पडून राहिली. माझ्या गेटखाली पुन्हा पाणी वाहू लागलं, त्यांना पत्ताही नाही.

परवा दुपारी मी भाताची पेज घेऊन गेले. दार उघडंच होतं. काकू पलंगावर, आणि काका खाली गुडघे टेकून त्यांच्या पोटाशी दमदाटी करत होते.

"लाज नाही वाटत रे गल्लीवाल्यांनो? साठ वर्षं हिच्या जिवावर जगलात, आणि त्या भवानीला पाणी देता?"

"अहो, पुरे! वैशाली आलीय, हसेल ती."

"गप, ऐकू दे." त्यांनी पोटाला कान लावला. बराच वेळ हलले नाहीत.

"काय ऐकू येतंय एवढं?" काकूंनी विचारलं.

काकांनी मान वर केली. डोळे भरून आले होते.

"मंदे, भूक लागलीय तुला."

माझ्या हातातली वाटी त्यांनी जवळजवळ हिसकावलीच. चमचाभर पेज घेऊन फुंकर घातली. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि तोंड उघडलं.