भुकटीवरील स्वारी आणि ठकूबाई पंचांची हकीकत

श्रीगजानन समर्थ. वाचणारास आयुष्य, सरकारास अक्कल प्राप्त होवो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मासी राज्यात मेथ म्हणोन नशेची भुकटी माजली. ती ओढिता मनुष्यास चार चार दिवस झोप नाही, अन्न नाही, आणि मग दात झडोन विशीतला गडी म्हातारा दिसो लागे. सरकारांनी बहुत संताप केला. फलक लाविले, शपथा वदविल्या, रॅली काढिली, आणि रॅलीस टोप्या व सरबत औषधांचे कारखानदार रावजीशेठ यांनी पुरविले.

तो ठकूबाई खानावळवाली फौजदारांपुढे उभी ठाकली. "साहेब, माझा दशरथ भुकटीपायी मरायला टेकलाय. ती रावजीशेठच्या मागल्या शेडात शिजते. दशरथाच्या मागं जाऊन बघितलंय मी!"

फौजदार गरजले, चार जीपा सिद्ध जाहल्या. परंतु कायदा ऐसा की झडतीस दोन प्रतिष्ठित पंच हवे. गावात प्रतिष्ठित कोण म्हणोन पुसता गाव एकमुखे वदला, रावजीशेठ! मग फौजदारांनी अदबीने निरोप धाडिला की, उद्या सकाळी आपले शेडावर छापा घालणे आहे, पंच म्हणोन यावे. शेठ संतोष पावले. दुसरे दिवशी पाहतात तो शेड लख्ख, मध्ये सत्यनारायण मांडिलेला. फौजदारांनी प्रसाद घेतला, 'आक्षेपार्ह काही नाही' लिहविले, आणि शेठांनी झोकात सही ठोकिली. धन्य ते पंच!

शेडाचे दारी उभी ठकूबाई चवताळली. "अहो, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात की! दुसरा पंच कुठाय? नसला तर मी होते."

"बाई, तुम्ही प्रतिष्ठित नाही."

"वीस वर्षं ठाण्याला डबा देते, तेव्हा नाही विचारलंत ते!"

फौजदार टोपी सारखी करो लागले, तो बाई आत शिरली आणि वर पाहोन म्हणाली, "एवढ्याशा शिऱ्याला धूर ओढायचे बारा पंखे?" आणि "देवा, माफ कर," म्हणोन तिने चौरंग सरकविला, तो खाली झाकण. झाकण उचलिता तळघर, पिंपे, शेगड्या, आणि भुकटीच्या आशेने पिंप ढवळणारा दशरथ, हाडांचा सापळा.

शेठांस बेड्या पडल्या. फौजदार बाईचे कानाशी लागले, "ठकूमावशी, पंचनाम्यातून पोराचं नाव वगळू?"

बाई ढसढसा रडली. मग पदराने डोळे पुसोन म्हणाली, "लिहा. तुरुंगात असला तर जगेल तरी." आणि पंच म्हणोन सही केली.

येणेप्रमाणे सरकारचा जय जाहला. फौजदारांस पदक मिळाले, रॅलीस नवा सरबतवाला मिळाला, आणि ठकूबाई दर गुरुवारी तुरुंगाचे दारी लेकाच्या भेटीस उभी असते.