ताटातलं नाव

लग्न समुद्रात आहे, हे नरहरराव खिरवडकरांना कळलं होतं. त्याला कायदा कुठला लागणार, हे मात्र आठ दिवस झाले तरी कळत नव्हतं. जहाज मुंबईहून निघणार, कप्तान इटलीचा आणि झेंडा बहामाचा. मुलगी स्वरदा बंगलोरहून फोनवर समजावत होती की भर समुद्रात ज्या देशाचा झेंडा, त्याच देशाचा कायदा. म्हणून तिचं आणि भार्गवचं लग्न कप्तान लावणार आणि दाखला बहामाचा मिळणार.

"आन् भटजी?" त्यांच्या बायकोनं, सुनीतीबाईंनी विचारलं.

"भटजी नागपूरचेच," नरहरराव म्हणाले. "ते झेंड्यात येत नाहीत."

नरहररावांनी इथेच रायपूरला रेल्वेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं कर्मचाऱ्यांची सर्व्हिस बुकं तपासली होती. अर्जात एक नाव आणि बुकात दुसरं दिसलं की फाइल परत. कित्येकांची पेन्शन त्यांनी नुसत्या नावासाठी सहा-सहा महिने अडकवली होती आणि निवृत्तीच्या समारंभात हे कौतुकानं सांगितलंही होतं. त्यामुळे जहाज कंपनीनं मागितलेले कागद स्वरदानं डोळे मिटून बाबांवर सोपवले: पासपोर्ट, जन्माचा दाखला आणि अविवाहित असल्याचं शपथपत्र. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ते पोचले नाहीत, तर कप्तान मंगलाष्टकांना हजर राहील, टाळ्याही वाजवेल, पण सही करणार नाही. इथे कोर्टात लग्न करावं, तर नोटीस तीस दिवसांची, आणि जहाज सुटायला उरले होते सतरा.

जन्माचा दाखला पत्र्याच्या पेटीत तळाशी सापडला. त्याची गरज आजवर पडलीच नव्हती. शाळेत शपथपत्रावर काम भागलं होतं आणि पासपोर्टला दहावीचं प्रमाणपत्र चाललं होतं. नरहररावांनी गोल बाजारात जाऊन तो स्कॅन केला आणि मंगळवारी सगळं पाठवून मोकळे झाले.

बुधवारी सकाळी जहाज कंपनीच्या कुणा सोनियाची मेल आली. पासपोर्टवर आईचं नाव सुनीती आहे, जन्माच्या दाखल्यावर शारदा. तरी वधूच्या जन्मदात्या आईचा मृत्यूचा दाखला, वडिलांचे घटस्फोटाचे कागद किंवा दत्तकविधानाचा आदेश, यांतलं जे लागू असेल ते शुक्रवारपर्यंत पाठवावं.

मागोमाग स्वरदाचा फोन आला. "बाबा, ये शारदा कौन है? अपनी काकू?" तिच्या आवाजात काळजी होती आणि थोडी उत्सुकताही.

नरहरराव मेल पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. शेवटी सुनीतीबाईंनी त्यांच्या हातून फोन घेतला. "मीच आहे, बेटा," त्या म्हणाल्या.

त्याचं असं झालं होतं. माहेरी त्या शारदा होत्या. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि नरहररावांनी रीतीप्रमाणे अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सुनीती. हौसेचा प्रश्नच नव्हता. थोरली वहिनी आधीच शारदा होती, आणि एका घरात दोन शारदा म्हणजे हाक मारायची पंचाईत. पहिलं बाळंतपण माहेरी, यवतमाळला झालं. दाखल्यासाठी नगरपालिकेत गेले ते सुनीतीबाईंचे वडील श्यामराव. त्यांनी आपल्या पोरीचं नाव आपण ठेवलेलंच सांगितलं. ताटातलं नाव त्यांनी कधी मनावर घेतलंच नव्हतं.

गुरुवारी नवराबायको कचेरीबाहेर बसणाऱ्या वकिलाकडे गेले. पराग हा मराठी मुलगा. मराठीत ऐकायचा आणि हिंदीत बोलायचा.

"नाम चेंज कब हुआ?"

"लग्नात," नरहरराव म्हणाले. "तांदळात लिहून."

"उसका कोई प्रूफ?"

"तांदूळच."

"वो चावल हैं अभी?"

नरहररावांनी बायकोकडे पाहिलं. "दुसऱ्या दिवशी खीर केली होती," सुनीतीबाई म्हणाल्या.

परागनं ते लिहून घेतलं नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून नरहररावांनी आणलेलं घरचं जुनं रेशन कार्ड तो चाळू लागला आणि एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. कार्डावर शारदा खिरवडकर होती. वय, पत्ता सगळं स्वच्छ होतं, फक्त पतीच्या जागी नरहररावांच्या थोरल्या भावाचं नाव होतं. परागनं चष्मा काढला आणि आवाज खाली आणून विचारलं की काका, ही घरातली गोष्ट आहे, पण कागदावरून तर मुलगी तुमची आणि तुमच्या वहिनींची दिसते आहे.

नरहररावांचे कान तापले. पस्तीस वर्षांत त्यांनी लोकांच्या फायलींवर 'खुलासा करावा' असं हजारदा लिहिलं होतं. आज खुलासा करायची पाळी त्यांची होती. ते जितकं समजावत गेले तितका गुंता वाढत गेला. बाजूच्या टेबलावरचा टायपिस्टही टाइप करायचा थांबला.

शेवटी परागनं मार्ग काढला. एक, सुनीतीबाईंचं माहेरच्या नावाचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र आणायचं. दोन, थोरल्या शारदाबाईंनी स्वतः येऊन आपण या मुलीची आई नसल्याचं लिहून द्यायचं. नरहरराव घरी जाऊन प्रमाणपत्र खिशात घालून आणि वहिनींना स्कूटरवर बसवून घेऊन आले. वहिनी बहात्तर वर्षांच्या. त्यांना सगळं सांगून झाल्यावर त्या बराच वेळ हसल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "लिवून देतो बापा. पन भाऊजी, तवाच म्या म्हनलं होतं, पोरीले तिचं नाव राहू द्या. मले थोरली म्हना, तिले धाकटी म्हना. तुमच्या आईनं आयकलं नाही, आन् तुमी तर विचारलंच नाही."

सुनीतीबाईंनी वहिनींकडे पाहिलं. हे त्यांना आजच कळत होतं.

मग सुनीतीबाईंच्या शपथपत्राचा मसुदा तयार झाला. शारदा आणि सुनीती ही एकच व्यक्ती असून स्वरदाची आई तीच आहे. एक जागा तेवढी रिकामी होती. परागनं विचारलं, "आगे से कौन सा नाम चलेगा?"

"सुनीती," नरहरराव लगेच म्हणाले. "आधार, बँक, पेन्शन, सगळीकडे तेच आहे."

सुनीतीबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्यांनी पर्स मांडीवरून टेबलावर ठेवली. "भैया, शपथ कोन घेऊन राहिलं?"

"आप."

"मंग शारदा लिहा."

नरहररावांना आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. मग त्यांनी एकेक कागद मोजून दाखवला. आधार बदलावं लागेल, पॅन, खातं, रेल्वेचं मेडिकल कार्ड, पेन्शनच्या कागदातलं नॉमिनेशन. प्रत्येक ठिकाणी अर्ज, प्रत्येक ठिकाणी खुलासा.

"तुमी लोकायच्या नावाच्या फायली पस्तीस वर्षं पाह्यल्या न जी," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता एक घरची पाहा."

वहिनी म्हणाल्या, "हव." टायपिस्टनं जागा भरली. बाईंनी सावकाश सही केली. ते नाव त्यांनी मॅट्रिकनंतर फारसं गिरवलं नव्हतं. सही झाल्यावर त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

शुक्रवारी दुपारी सोनियाची मेल आली की कागद ठीक आहेत. लग्न झालं. कप्तानानं सही केली, नागपूरच्या भटजींना जहाज लागलं आणि निम्मी मंगलाष्टकं त्यांनी डोळे मिटून म्हटली. भार्गव हौसेनं ताट मागायला आला, तर सासूबाईंनी सगळे तांदूळ अक्षतांना वाटून टाकले होते.

रायपूरला परतल्यावर नरहरराव नामदुरुस्तीचे अर्ज घेऊन बसले. एकूण आठ होते. पहिल्याच अर्जात दोन रकाने होते, पत्नीचं जुनं नाव आणि पत्नीचं नवं नाव. जुनं म्हणजे शारदा, पण नवंही शारदाच. आणि सुनीती नवं होतं, ते आता जुनं झालं होतं. अर्धा तास पेन हातात धरून बसल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती हाक मारली.

"शारदा."

"काय जी भाऊजी?" वरच्या मजल्यावरून वहिनींनी ओ दिली.

"तुमी बसा, वहिनी," स्वयंपाकघरातून आवाज आला. "मले बोलावून राहिले."