मुदतीची चिठ्ठी राहिली

मुलांनो, नीट बसा. एका जंगलात एक अजगर राहायचा, आणि साऱ्या जंगलाच्या प्रश्नांना तोच उत्तरं द्यायचा.

त्याने एक चौकट घालून दिली होती. उत्तर पानाच्या पुडीत बांधायचं आणि पुडीवर चिठ्ठ्या लावायच्या. उत्तर कुणासाठी आहे, किती वेळ चालेल, ते चिठ्ठ्यांवर लिहायचं. या चिठ्ठ्यांना जंगलात हेडर म्हणत. ते लावायचं काम कुसुंबी नावाच्या शेकरूकडे होतं.

एकदा अजगर म्हणाला, "कुसुंबी, तुझ्या मनाला येतील ते हेडरही लाव. आपल्या चौकटीत तशी सोय आहे."

झालं! शेकरूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. 'सादरकर्ती: कुसुंबी.' 'अस्सल अजगरी उत्तर.' 'प्रेमाने बांधलेली पुडी.' बाई दिवसभर नवे हेडर रचत बसल्या.

तेवढ्यात सशिणीचा प्रश्न आला. तिचं पिल्लू ओढ्यापलीकडे अडकलं होतं. "ओढा ओलांडू का?"

अजगराने लिहिलं, "पाणी फार आहे. थांब."

कुसुंबीने पुडीवर अकरा देखणे हेडर लावले. 'हे उत्तर तासाभरापुरतंच' हा बारावा. त्याला जागाच उरली नाही.

सशिणीच्या दारी एक पोपट असायचा. आलेली उत्तरं जपणं हे त्याचं काम. मुदत लिहिलेली असेल, तर ती संपल्यावर तो नवं उत्तर आणायचा. नसेल, तर जुनंच वाचून दाखवायचा.

सशीण सकाळ-संध्याकाळ विचारायची. पोपट वाचायचा, "पाणी फार आहे. थांब."

तिसऱ्या दिवशी कुसुंबी सहज ओढ्यावर गेली. ओढा ठणठणीत कोरडा आणि सशीण काठावर रडत बसलेली! कुसुंबी धावत तिच्याजवळ गेली.

"सशीणताई, माझंच चुकलं गं. पाणी कधीच ओसरलंय. जा ना पलीकडे!"

"हेडर आणलायस?" सशिणीने डोळे पुसले. "बिनहेडरचं उत्तर खरं कसं मानू, बाई?"

कुसुंबीने कोरड्या दगडांवर उड्या मारून दाखवल्या. सशीण हलेना. शेवटी कुसुंबीच पलीकडे गेली आणि पिल्लाला हाताला धरून घेऊन आली.

पिल्लू आईच्या गळ्यात पडलं. सशिणीने त्याला उराशी धरलं. मग काठावर पुडी घेऊन बसलेल्या पोपटाकडे भीत भीत पाहिलं.

पोपटाने पुडी पुन्हा उघडली, नीट वाचली आणि मान हलवली.

"नाही ताई. आपल्याकडच्या उत्तराप्रमाणे पिल्लू अजून पलीकडेच आहे."

तात्पर्य: लेकरू कुशीत आलं, तरी पोपटाला विचारल्याशिवाय त्याचा पापा घेऊ नये.