बेशरम उपटायची शिक्षा

नागभीडजवळच्या एका गावच्या तलावात आभाळातून धप्पकन एक काळा गोळा पडला आणि मनसारामची छाती अभिमानानं फुगली. रॉकेट उडताना बघायला कामधंदा सोडून टीव्हीपुढे ठाण मांडणारा गडी तो. आता रॉकेटचा तुकडाच पाहुणा म्हणून गावात आला होता. पण त्याची बायको बायनाबाई पडली मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. त्याच आठवड्यात तिनं तलावात मासोळीची पिल्लं सोडली होती, त्यामुळं तिचा जीव टांगणीला लागला.

तिचा कायदा सरळ होता. तलावात घाण करील त्यानं काठावरचं बेशरम उपटायचं. त्यातून सरपंच सुटला नव्हता, नवराही नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या शास्त्रज्ञ मॅडम जीपनं आल्या. मनसारामनं गमछ्यानं खुर्ची पुसली. मॅडमनी गोळा काढून तपासला, त्यात विषारी काही नाही, मासोळ्या सुखरूप आहेत, असं सांगितलं. कोणत्या देशाचा ते अजून ठरायचं होतं. तोवर त्या तो सोबत नेणार होत्या.

"नेऊन राह्यल्या, म्हंजे तुमचाच झाला," बायनाबाई म्हणाली. "मंग आधी बेशरम काढा."

मॅडमचा चेहरा उतरला. "बेशरम? मी?"

मनसारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेशरम म्हणजे ते गुलाबी फुलांचं झुडूप, हे त्यानं चाचरत समजावलं. मॅडम आता तडक निघून जाणार, याची त्याला खात्रीच होती. पण त्या खळखळून हसल्या, बूट काढले आणि चिखलात उतरल्या. काय बाई होती ती! "सोडतो आम्ही, पडतं दुसऱ्याच्या दारात," त्या म्हणाल्या. "चुकतंच आमचं."

बायनाबाईही पदर खोचून शेजारी उतरली. वर असा कचरा अजून किती, तिनं विचारलं. मोजता येणार नाही इतका, मॅडम म्हणाल्या.

"मंग तिथी सोसायटी नाई का?"

"नियम आहेत थोडे. पण बेशरम उपटायला लावणारं कोणी नाही."

"मले न्या मंग."

मनसाराम कळवळला. "मॅडम, हिले वर नका नेऊ. रॉकेट सोडाले कोनी उरनार नाई. सारे बेशरमच उपटत बसतीन."

मॅडमनी हात धुतले, गोळा जीपमध्ये ठेवला आणि त्याच्यावर बेशरमाची एक मोळी टाकली.

"हे काऊन?" मनसारामनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात या आभाळातल्या कचऱ्यावर साऱ्या देशांची बैठक आहे," त्या म्हणाल्या. "प्रत्येकासमोर एकेक ठेवते."