तीनशे बारची हवा आणि शेवंतीबाईंचा डबा

हवा फुकट मिळते, म्हणूनच ती निवडताना माणसाने घाई करू नये. विकतची वस्तू फसली तर दुकानदाराच्या नावाने बोटे मोडता येतात. हवा फसली तर कुणाच्या दारात जाणार? लाटंबार्से गावातल्या चौदा घरांच्या एका वाड्यावर हे सत्य गेल्या हंगामात सर्वांना पटले. सर्वांना म्हणजे माकडे सोडून.

त्या वाड्यावरच्या शेवंतीबाईंची डोंगराच्या उतारावर काजूची बागायत आहे. बोंडू पिकू लागले की माकडे येतात. ती पूर्वीही येत. शेवंतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूने त्यांच्या हाती रॉकेलचा रिकामा डबा आणि माडाच्या झावळीचा दांडा दिला होता. (लग्नात घातलेले दागिने नंतर परत घेतले, डबा मात्र कायमचा दिला.) उजाडताना बागेत जायचे, डबा बडवायचा, हाकारे घालायचे. तेव्हा पलीकडच्या बागेतून दुसरा डबा उत्तर द्यायचा, त्याच्या पलीकडून तिसरा, आणि सगळा डोंगर कसा जागा असायचा. पन्नास-पंचावन्न वर्षे ही पद्धत चालली. तिच्यात एकच दोष होता. त्यासाठी कुणाला तरी लवकर उठावे लागे.

पुढे पलीकडचे डबे एकेक करून गप्प झाले, आणि शेवंतीबाईंचे गुडघेही. मुलगा गौरेश मोपाच्या विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या गोळा करतो. पाळी संपवून तो सकाळी घरी येतो तेव्हा माकडांची न्याहारी झालेली असते. संक्रांतीच्या सुमाराला तो जेवताना म्हणाला, "आई, तीन वर्सां बियो माकडांनी व्हेल्यो. ह्या वर्सा घरांत आयल्यो तर बागायत उरता. ना तर तो दिल्लीवालो विकत घेवंक फोन करता, तेका दिवया."

"दी," शेवंतीबाई म्हणाल्या. "म्हाका पयलीं थंय जाळ, मागीर दी."

एवढे बोलून त्यांनी ताटातला भात संपवला आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत सदाशिवकडे गेल्या.

सदाशिव चाळीस वर्षांपूर्वी दोडामार्गाकडून खाणीवर आले आणि यंत्रांचे फोरमन झाले. खाण बंद पडल्यापासून त्यांच्याकडे अनुभव भरपूर आहे, यंत्र नाही. शेवंतीबाईंची मागणी साधी होती. प्रत्येक घरातून एकाने आठवड्यातून एक सकाळ बागांत यावे आणि डबा वाजवावा.

"वैनी," सदाशिव सहानुभूतीने म्हणाले, "डबो म्हंजे काय साधन नाय. आता सगळा हवेर चलता."

त्याच आठवड्यात माकड निवारण व वायुदाब समिती स्थापन झाली. अध्यक्ष सदाशिव. सचिव गोकुळदास मास्तर, ज्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली तरी ते अजून फळ्यावर लिहिल्यासारखे बोलतात. तज्ज्ञ म्हणून गौरेशला घेतले, कारण विमाने हवेत उडतात आणि तो विमानतळावर असतो.

समितीचा विचार एकेक पायरी चढत गेला. माकडे बंदुकीला भितात. पण माकडावर गोळी झाडणे कायद्याला मंजूर नाही आणि शनिवारी मारुतीपुढे उभे राहायचे असते, म्हणून बंदूक नुसती दाखवायची. ती छऱ्याची, हवेवर चालणारी असावी. मात्र रिकामी बंदूक दाखवणे ही माकडांची फसवणूक होईल, आणि फसवणूक उघडकीस आल्यास समितीची पत जाईल. म्हणून बंदुकीत हवा भरलेली पाहिजे. ही हवा तीनशे बारची लागते, म्हणजे मोटारीच्या चाकात असते तिच्या शंभरपटीहून जास्त. सबब, सर्वप्रथम कंप्रेसर. (बंदूक नंतर बघू. आधी गोठा, मग म्हैस, असे मास्तरांनी इतिवृत्तात नोंदवले.)

पर्याय तीन निघाले. पहिला गाडीच्या बॅटरीवर चालणारा, जो दहा मिनिटांत तापतो आणि अर्धा तास रुसतो. दुसरा घरच्या विजेवर चालणारा, ज्याला थंड ठेवायला शेजारी पाण्याची बाल्दी लागते. तिसरा एवढा मोठा, की त्याच्यासाठी आधी खांबावरून वेगळी वीज ओढावी लागेल आणि नंतर वाडाही थोडा सरकवावा लागेल. हातपंपाचा चौथा पर्याय पहिल्या बैठकीतच बाद झाला. तो दाबायला समितीपैकी कुणीतरी लागले असते.

मग दमटपणाचा प्रश्न आला. हवेत पाणी असेल तर बंदूक आतून गंजते. लाटंबार्सेची हवा किती ओली, हे ठरवण्यासाठी लोणच्याच्या तीन बरण्यांत नमुने घेतले: एक देवळामागचा, एक धारगळच्या हमरस्त्यावरचा, एक मोपाच्या पठारावरचा. तज्ज्ञ गौरेशने तिन्ही बरण्या उघडून हुंगल्या आणि तिन्ही नमुन्यांत लोणच्याचे प्रमाण सारखेच असल्याचा अहवाल दिला.

धारगळला गेलेच होते, तर समितीने शंभूची साक्ष घेतली. शंभू तिथे हमरस्त्यावर पंक्चर काढतो आणि वीस वर्षे रोज हवा भरतो. त्याने चाक फिरवत सगळे ऐकून घेतले.

"बंदूक खंय आसा?" त्याने विचारले.

"तो विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही," मास्तर म्हणाले.

"आनी माकडां?"

"ती बागेत आहेत."

"मागीर तुमी हांगा कित्याक आयल्यात?"

इथे कशाला आलात, हा प्रश्न वगळून इतिवृत्तात नोंद झाली की श्री. शंभू यांचा या व्यवसायाशी हितसंबंध असल्याने त्यांचे मत विचारात घेतलेले नाही.

एव्हाना फेब्रुवारी सरत आला होता. समितीच्या नऊ बैठका झाल्या होत्या आणि शेवंतीबाईंच्या बागेत माकडांच्या त्याहून अधिक. पाचव्या बैठकीत त्या स्वतःचा डबा घेऊन आल्या आणि मेजावर ठेवून म्हणाल्या, "बैठक घेवचे पयलीं कोणेंय एकल्यान हो डबो वाजोवचो."

समितीने डब्याची दखल घेतली. त्याचा दाब किती बार, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा तुलनात्मक अभ्यासासाठी तो जमा करून घेतला, त्याच्या कडीला चिठ्ठी बांधली ('जुने साधन, एक नग') आणि देवळाच्या कपाटात कुलूपबंद केला. त्यानंतर शेवंतीबाईंनी तो तीनदा परत मागितला. अभ्यास चालू होता.

तीन यंत्रांवर एकमत होईना, तेव्हा रीतीप्रमाणे देवाला कौल लावायचा ठरला. गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या. सगळा वाडा हात जोडून उभा राहिला आणि सदाशिवांनी गाऱ्हाणे घातले.

"व्हय देवा महाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. तेंच्या मनात एक कंप्रेसर आसा, तीनशे बारचो. तो बॅटरेचो, का बाल्देचो, का मोठो, ह्या आमका कळणा नाय. काय ता तू सांग, महाराजा."

"व्हय महाराजा," वाडा म्हणाला.

आता उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही, हे तिथल्या पोरालाही ठाऊक आहे. तिघांपैकी कोणता, असे देवाला आजवर कुणी विचारले नव्हते. देवाने दीड तास विचार केला. एकही पाकळी हलली नाही. मागे खांबाला टेकून बसलेल्या शेवंतीबाईंना वाटले, सबंध वाड्यात डोके ठिकाणावर असलेला एवढा एकच. समितीने मात्र देवाचा तिन्हींना सारखाच पाठिंबा असल्याचा अर्थ काढला आणि त्यांतला एक मागवला.

तो मार्चच्या मध्याला आला. नारळ फोडला, हार घातला. बंदुकीचे ठरायचे होते, त्यामुळे भरायला काही नव्हते. कंप्रेसर कुठे ठेवायचा यावर मास्तर म्हणाले, "लाभार्थीच्या बागेत ठेवणे उचित." म्हणून चार जणांनी तो डोंगरावर चढवला आणि शेवंतीबाईंच्या बागेतल्या खोपीत बसवला. खोपीत वीज नव्हती, पण तो मुद्दा बंदुकीनंतरचा होता.

एवढी मोलाची वस्तू रानात उघड्यावर ठेवायची म्हणजे राखण हवी. समितीने त्याच सायंकाळी पाळ्या लावल्या. घरटी एक माणूस, उजाडायच्या आत हजर, ऊन चढेपर्यंत बसायचे. काजू राखायला तीन वर्षांत एक माणूस मिळाला नव्हता. कंप्रेसर राखायला चौदा घरांतून चौदा आले आणि आणखी दोघे पाळी न लागल्याबद्दल रुसले.

पहिली पाळी लाभार्थी म्हणून शेवंतीबाईंची. गुडघ्यांना तेल चोळून त्या काळोखातच निघाल्या. फटफटले आणि माकडे आली, नेहमीसारखी, घरची असल्यासारखी. शेवंतीबाईंचा हात सवयीने डबा शोधू लागला. डबा अभ्यासात होता. समोर कंप्रेसर होता, पत्र्याच्या पेटीत, नवा कोरा. त्यांनी झावळीचा दांडा उचलला आणि पेटीवर घातला.

आवाज उत्तम आला. पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला. डब्यापेक्षा किंचित जड, पण माकडांना तेवढे बारकावे कळत नसावेत; ती गेली. दुसऱ्या दिवशीच्या पाळीवाल्याला शेवंतीबाईंनी दांडा देऊन यंत्राची रीत शिकवली, त्याने तिसऱ्याला. दोन महिने रोज सकाळी वाड्याने कंप्रेसर चालवला.

मे अखेरीस शेवंतीबाईंच्या पडवीत बियांची पोती छपराला टेकली. गौरेश पाळीवरून आला आणि त्याने पोती दोनदा मोजली. मग त्याने दिल्लीवाल्याला फोन लावला आणि कळवले की बागायत विकायची नाही, तिथे यंत्र बसवलेले आहे.

समितीचा अंतिम अहवाल मास्तरांनी वाचला. कंप्रेसर शंभर टक्के यशस्वी. माकडांत एकूण घट: सर्व. प्रत्यक्ष दाब मोजता आला नाही, कारण काटा पहिल्याच आठवड्यात फुटला. बंदुकीची गरज तूर्त नाही. आता डिचोलीची आणि पेडण्याची माणसे यंत्र बघायला येतात. पोचे पडलेल्या पेटीभोवती फिरतात, हात लावतात, किती बार म्हणून विचारतात. खोपीच्या कुडाला टेकवलेल्या दांड्याबद्दल अजून कुणी विचारलेले नाही. उजाडायच्या आत तिथे कोण येऊन बसत होते, हेही नाही.

तुम्हीही इथवर आलात ते त्या तिघांपैकी शेवटी घेतला कोणता, एवढे कळावे म्हणून. ती माहिती समितीकडे अर्ज केल्यास मिळेल. अर्जासोबत घरातला डबा जमा करावा.