गलांडे कंपाउंडर आणि यादीबाहेरची गोळी

स्वतःला खोकला झाला तरी गलांडे कंपाउंडर दवाखान्याच्या कपाटातलं औषध घ्यायचे नाहीत. ते विम्याच्या कामगारांचं, आपण कोण घेणार? घरून सुंठ आणायचे आणि दिवसभर खोकत बसायचे. बहात्तर सालची गोष्ट. नगरच्या कामगार विमा दवाखान्यात मी नर्स होते. त्या खोकल्यानं माझा जीव विटून गेला होता.

साधं मिक्स्चर ते पटकन बाटलीत भरून द्यायचे. पण डॉक्टरांनी मंजूर यादीबाहेरचं महागडं औषध लिहिलं, की कपाटाला पाठ लावून उभे. "आधी पुण्याची मंजुरी. नियम मी केलेला नाही, सिस्टर." मग पुण्याच्या मोठ्या ऑफिसला कागद जायचा, आम्ही वाट बघत बसायचो आणि पेशंट गलांडेंना शिव्या घालायचे.

भिंगारचे रामभाऊ कारखान्यात कामाला. त्यांची लेक सुशी, तिला फिट यायच्या. यादीबाहेरच्या गोळीनं त्या थांबल्या, पोर शाळेत जायला लागली. मंजुरीची मुदत संपली म्हणून पुन्हा मागितली, तर पुण्याहून उत्तर आलं: रुग्णास आता फिट येत नाहीत, सबब औषधाची गरज नाही.

"आवो, गोळीनंच थांबल्यात न्हवं?" रामभाऊ म्हणाले. "उद्याची गोळी न्हाई घरात. पोरगी परत पडंल माझी."

डॉक्टर म्हणाले, पुन्हा लिहितो. मी कपाळाला हात लावला. गलांडे उठले. त्यांनी कपाट उघडलं, गोळ्यांची पुडी बांधली आणि रामभाऊंच्या हातात ठेवली.

मला वाटलं, सुधारला बाबा हा माणूस. कसलं काय. लगेच बसून पुण्याला स्वतःविरुद्धच तक्रार लिहिली: कंपाउंडर गलांडे यांनी विनामंजुरी औषध दिले, योग्य ती कारवाई व्हावी.

"अहो, कुणाला कळलंही नसतं," मी चिडून म्हटलं.

"म्हणूनच लिहिलं. त्यांचं उत्तर चुकलंय, हे त्यांना कळायला नको?"

चौकशी झाली. पुण्याच्या साहेबांना चूक उमगली, सुशीच्या गोळ्या सुरू राहिल्या. गलांडे निलंबित झाले.

दुसऱ्या दिवशी बघते तर स्वारी पेशंटच्या बाकावर हजर. मग रोजच. उघडायच्या वेळेला यायचे, कुलूप लागलं की उठायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "गलांडे, घरी जरा आराम करा की."

"घरी कोण आहे, सिस्टर?" ते म्हणाले. "इथं निदान लोक शिव्या तरी देतात."

मला भडभडून आलं. आत जाऊन मी धुतलेली बँडेजं उगाच गुंडाळत बसले.