समुद्राचे नाव : पाऊस

आमच्या समोर राहणारे मारुतीअण्णा कोणतीही गोष्ट भिंगातून पाहिल्याशिवाय मान्य करत नाहीत. चकल्या दिल्या की आधी भिंग, मग तोंड. लग्नपत्रिका आली की आधी भिंग, मग आनंद. एकदा गणपतीच्या भर आरतीत त्यांनी माझ्या नव्या साडीचा पदर चिमटीत धरला, त्यावर भिंग ठेवले आणि निकाल दिला, "बाई, फशिवलं तुम्हास्नी. धागं कमी हाइत."

परवा व्हिडिओ कॉलवर ज्यांनी माझ्या मोबाईलला भिंग लावून तुम्हाला पाहिले आणि "पोरं लई वाळल्यात" असे जाहीर केले, ते आजोबा हेच. कोण ते, म्हणून तुम्ही विचारलेत. तर ऐका, मुलांनो.

अण्णा आमच्या वडगावचे जुने विणकर. ते भिंगही विणकराचेच. पितळेचे, घडीचे, इंचात किती धागे बसले ते मोजायचे. माग आता पुतण्या चालवतो. भिंग मात्र अण्णांनी कुणाला दिले नाही.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात ते एका लग्नाच्या साड्यांचे गाठोडे घेऊन घाटमाथ्यावरच्या कणकुंबीच्या पुढच्या वाडीवर गेले. त्याच दिवशी ओढा चढला. पाणी थोडे उतरेपर्यंत आठ दिवस ना इकडे, ना तिकडे. उरलेल्या साड्यांना बुरशी लागली. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. अण्णांनी भिंग काढले आणि वाडीतली पोरे गोळा करून त्यांना बुरशी दाखवली. रेश्मा नावाच्या सातवीतल्या मुलीने बराच वेळ पाहून विचारले, "अण्णा, ह्ये रान साडीवर आलं कुठनं?"

परत आल्यावर चप्पलही न काढता ते माझ्या दारात उभे. "बाई, मला ह्याच्याहून मोठं भिंग पायजे. पोरीनं इचारलंय, आणि मला सांगता आलं न्हाय."

अशा तीन वाड्या आहेत. पावसात तिन्ही तुटतात. तिन्हींत मिळून एक सूक्ष्मदर्शक यंत्र, असा अण्णांचा बेत. पुतण्याने मोबाईलवर बेंगळुरूच्या एका संस्थेची जाहिरात शोधली. दूरच्या बेटांवरच्या लोकांना संशोधनाची उपकरणे सामाईक वापरासाठी घ्यायला ती मदत करते.

"अण्णा, बेटांवरच्या," मी म्हटले.

"मग? चार म्हैनं चारी बाजूनं पाणी. बेट आणि कसं असतंय?"

अर्ज इंग्रजीत, म्हणजे माझ्या गळ्यात. मला अर्ज नीट भरायला आवडतो. रकाना मोकळा राहिला की जेवण जात नाही. पहिल्याच पानावर रकाना होता, समुद्राचे नाव. माझे पेन थांबले.

"लिवा की. पाऊस."

चाळीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या बाईने तो शब्द निमूटपणे लिहिला. पुढचा प्रश्न, यंत्राचा मालक कोण?

"मालक कशाला? हातमागाच्या काळात आमच्या गल्लीत ताण्याची, म्हंजी उभं धागं लावायची चौकट एकच हुती. ज्याचं काम झालं त्यानं पुसायची, तेल द्यायचं आणि फुडच्याच्या दारात स्वतः न्हेऊन ठेवायची. मागायला यायला लागलं तर गल्लीत त्वांड दावायला जागा न्हाय. तसंच करायचं."

तेही लिहिले. महिन्याने संस्थेच्या साहेबांचा फोन आला. हे बेट नकाशावर दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कानडीत सांगितले, "सर, जुलैत या. परत जाता आलं तर बेट न्हाय म्हणा."

साहेब आले नाहीत, पण हसले असावेत. निम्मी रक्कम मंजूर झाली. उरलेल्या निम्म्यासाठी गल्लीतल्या प्रत्येक मागाने एकेक साडी विकायला दिली. अण्णा दारोदार जाऊन सांगत, "चांगली द्या. भिंग लावून बघणार हाय."

यंत्र यायला गेल्या वर्षीचा मृग उजाडला. आभाळ भरलेले. त्या दिवशी ओढा ओलांडला नाही, तर रेश्माच्या वाडीला पुढचे चार महिने यंत्र मिळणार नव्हते. जीप दारात उभी होती, तरी अण्णा म्हणाले, "तपासल्याबिगर माल द्यायचा न्हाय." यंत्र माझ्या टेबलावर मांडले. मी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवत होते, तोवर अण्णांनी नळीला डोळा लावलासुद्धा.

"आगाई गं! काय दिसतंय, बाई! इटंवर ईट रचल्यागत!"

कांद्याची काच अजून माझ्या हातात होती.

मी काच हलकेच टेबलावर ठेवली. तो आवाज त्यांनी ओळखला. "डाक्टर म्हणतोय नजरंतलं मधलं गेलंय, कडंचं तेवढं राहिलंय. आता येत न्हाय म्हणे परत." भिंगाची घडी उघडत, मिटत ते म्हणाले, "गल्लीत बोलू नका. इणकराचं डोळं गेल्यावर त्याला कोण इचारतंय?"

म्हणजे माझा पदर त्यांनी बोटांनीच मोजला होता. भिंग नुसते वर ठेवले होते.

मी यंत्र पुन्हा पेटीत बांधले. अण्णा ते मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. ओढ्याला गुडघाभर पाणी होते. पेटी डोक्यावर घेऊन ते वाडीतल्या माणसांच्या आधाराने पलीकडे गेले, रेश्माच्या शाळेत ठेवून लगेच परतले. दुसऱ्या दिवशी ओढा चढला.

दसऱ्यानंतर वाडीचा एक माणूस कागदाची गुंडाळी घेऊन आला. जुन्या कॅलेंडरची पाने चिकटवून केलेला, अंथरुणाएवढा कागद. त्यावर कोळशाच्या जाड रेघांनी काढलेले बुरशीचे रान. देठ, गोंडे, त्यांतून उडणारे ठिपके. सोबत चिठ्ठी. अण्णा म्हणाले, "वाचा, बाई. चष्मा घरी राहिलाय." त्यांना चष्मा नाहीच.

मी वाचले. "अण्णा, हे रान हवेतून येतं. ठिपके म्हणजे त्याचं बी. यंत्र पुसून पुढच्या वाडीला आम्ही स्वतः नेऊन दिलं. तुम्हाला बारीक दिसत नाही ते मला तुम्ही वाडीत अडकलात त्या पावसातच कळलं होतं, म्हणून चित्र मोठं काढलंय. कुणाला सांगितलं नाही."

अण्णांनी कागद अंगणात पसरला. सवयीने खिशातून भिंग काढले आणि वाकले. मग सरळ झाले, दोन पावले मागे सरकले, मान थोडी तिरकी केली. भिंग मिटून खिशात ठेवले.

"बाई," ते म्हणाले, "दिसतंय की."